रिकाम्या जागांची मोजदाद: ऱ्होडोस्यूडोमोनास प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

नवी वही. जीवाणू जुनाच, ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस, सीजीए००९ हा वाण. प्रश्न मात्र नवा: याच्या कोणकोणत्या जनुकांवाचून याचं अजिबात चालत नाही?

हा पठ्ठ्या चार तऱ्हांनी जगतो. हवा असली की सेंद्रिय पदार्थ खाऊन आपल्यासारखा श्वास घेतो. हवा नसली पण उजेड असला, की ऊर्जा उजेडातून घेतो आणि कार्बन कधी सेंद्रिय आम्लांतून, कधी थेट कार्बन डायऑक्साइडमधून. अंधारात, हवेच्या जोडीने, हायड्रोजनसारख्या अजैविक इंधनावरही निभावतो. २००४ मध्ये याचा जीनोम वाचून झाला: ५४,५९,२१३ अक्षरांचं एक गोल गुणसूत्र, ८,४२७ अक्षरांचं एक चिमुकलं प्लास्मिड (गुणसूत्रापासून सुटं डीएनएचं कडं) आणि ४,८३६ अंदाजित जनुकं. त्यात नायट्रोजन बांधणारी एन्झाइमं एक-दोन नव्हे, तीन. कार्बन डायऑक्साइड बांधणारं रुबिस्को हे एन्झाइमही दोन प्रकारचं. घरात प्रत्येक गोष्टीचा एक जादा नग ठेवणारी माणसं असतात, तसा हा.

अशा बॅक्टेरियाची अत्यावश्यक जनुकं कमी असावीत असं वाटणं साहजिक आहे, कारण प्रत्येक वाटेला पळवाट. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा मात्र ५५२ आहे, म्हणजे एकूण जनुकांच्या साधारण नवव्या हिश्श्याइतका. त्यातल्या ३२३ जनुकांचे भाऊबंद कॉलोबॅक्टर क्रेसेंटस या याच्या नात्यातल्या जीवाणूमध्येही अत्यावश्यक, पण दूरच्या ई. कोलायमध्ये फक्त १८७ चे. रक्ताचं नातं सवयींपेक्षा घट्ट निघालं.

सकाळच्या बैठकीत मी हा आकडा फळ्यावर लिहिला. मॅडमनी एवढंच विचारलं, "५५२, पण कुठे वाढवताना?" उत्तर: हवेत, अर्धपौष्टिक माध्यमावर. म्हणजे चारांतली एकच तऱ्हा. उजेडात, हवेविना काय होतं ते आपण बघायचं, हे तिथेच ठरलं.

९ जानेवारी

पद्धत तीच, २००९ मध्ये तीन-चार प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी वेगवेगळ्या नावांनी मांडलेली. ट्रान्सपोझॉन, म्हणजे उडी मारून कुठेही घुसणारा डीएनएचा तुकडा, लाखो पेशींत सोडायचा. तो प्रत्येक पेशीच्या गुणसूत्रात कुठेतरी एका जागी घुसतो आणि तिथलं जनुक मोडतो. पेशी जगली तर ते जनुक नसलं तरी चालतं. मग सगळ्या जिवंत पेशींचा डीएनए एकत्र काढायचा, ट्रान्सपोझॉनच्या कडेची अक्षरं वाचायची आणि नकाशावर टिंबं मारायची. जिथे टिंब नाही तिथे अत्यावश्यक जनुक.

शेवटचं वाक्य मी सहा महिन्यांपूर्वी असंच बिनधास्त लिहिलं असतं. आता हात अडखळतो. टिंब नसणं हा पुरावा तेव्हाच, जेव्हा टिंब पडण्याची पुरेशी संधी होती.

ट्रान्सपोझॉन कोणता यावर आज दिवसभर खल. दोन उमेदवार. हिमार१ हा मूळचा गुरांना चावणाऱ्या एका माशीतला. तो फक्त टीए ही जोडी असेल तिथेच बसतो. दुसरा टीएन५, बऱ्यापैकी कुठेही बसणारा. हिमारचा फायदा असा की संधी मोजता येते: जनुकात टीए किती ते आधीच ठाऊक असतं. तोटा असा की आपल्या जीवाणूच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरंच ६५ टक्के, टी आणि ए कमी. अक्षरं निव्वळ चिठ्ठ्या टाकून मांडली असती तर १ लाख ६७ हजारांच्या आसपास टीए यायला हवेत. प्रत्यक्षात ही जोडी जीवाणूंमध्ये अपेक्षेपेक्षा कमीच सापडते. क्षयाच्या जीवाणूचं उदाहरण बोलकं आहे: जी-सी तेवढंच, ४४ लाख अक्षरं, म्हणजे चिठ्ठ्यांच्या हिशेबाने १ लाख ३० हजार टीए, आणि मोजले तर जेमतेम ७४,६००.

तरीही हिमार घेतला. मोजता येणारी अडचण न मोजता येणाऱ्या सोयीपेक्षा बरी.

१७ जानेवारी

काँज्युगेशन केलं, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याला ट्रान्सपोझॉनचं प्लास्मिड देववलं. दाता ई. कोलाय, त्याला डायअमिनोपिमेलिक आम्ल बाहेरून लागतं. माध्यमातून ते काढून टाकलं की तो मरतो आणि आपला उरतो. फिल्टरवर दोघांना एकत्र ठेवून रात्रभर सोडलं.

१८ जानेवारी

खरवडून कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या मोठ्या प्लेटांवर पसरलं; ट्रान्सपोझॉन मिळालेल्या पेशीच त्यात तगतात. पाठ धरली.

२९ जानेवारी

याला घाई माहीतच नाही. ई. कोलायच्या कॉलनी रात्रीत उठतात, याच्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं. सगळ्या प्लेटा खरवडून एकत्र केल्या, ग्लिसरॉल घालून छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवल्या.

ज्युनियरने विचारलं, सगळं एकाच मोठ्या नळीत का नको? कारण प्रत्येक वेळी वितळवलं की काही मरतात, आणि मरणारे सगळ्यांत सारखे नसतात. एका नळीचा एकच वापर, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला.

१२ फेब्रुवारी

पहिलं सिक्वेन्सिंग आलं आणि तोंडचं पाणी पळालं. रीड्सचा, म्हणजे वाचलेल्या डीएनए-तुकड्यांचा, मोठा वाटा गुणसूत्रावर बसतच नव्हता. तो बसत होता ट्रान्सपोझॉन वाहून आणणाऱ्या प्लास्मिडवर. म्हणजे काही पेशींत नुसती उडी नाही, अख्खं प्लास्मिडच गुणसूत्रात शिरलंय, किंवा मेलेल्या दात्याचा डीएनए अजून घुटमळतोय.

दुसरी शक्यता तपासायला सोपी, म्हणून ती आधी. लायब्ररी (प्लेटांवरून गोळा केलेला पेशींचा साठा) कॅनामायसिनमध्ये थोडी वाढवली, पेशी धुतल्या, डीएनए नव्याने काढला. प्लास्मिडचे रीड्स बरेच उतरले. म्हणजे दाताच होता. मेल्यावरही त्रास देणारा.

उरलेले संगणकात गाळून टाकले. आमच्या संगणकवाल्याने त्यासाठी चार ओळींचा कोड लिहिला आणि चारशे ओळींचा सल्ला दिला.

२६ फेब्रुवारी

हवेतली पहिली यादी. उपलब्ध टीए जागांपैकी साधारण ५५ टक्के भरल्या आहेत. २०१६ च्या यादीशी ताडून बघितलं. राइबोसोम, प्रथिनांची जुळणी, पेशीबाहेर प्रथिनं पोचवणारी यंत्रणा, स्निग्ध पदार्थांची घडण: हे सगळं कोरं, म्हणजे टिंबांविना, जसं असायला हवं तसं. पेशीविभाजनाच्या कारभारातली कॉलोबॅक्टरमधून ओळखीची जनुकंही कोरी. आपला जीवाणू मधोमध दुभंगत नाही. एका जागी चिकटलेल्या पेशीला अंकुर फुटतो आणि त्यातून पोहणारी लेक सुटते. त्या कारभाराशी खेळ चालत नाही.

पण यादीच्या तळाशी बरीच छोटी, बिननावाची जनुकं जमली आहेत. मला त्यांचाच संशय येतोय. त्यांतल्या एकाला मी 'रिकामी खोली' म्हणायला लागले आहे: २७० अक्षरांचं, काम अज्ञात, सहा टीए, सहाही कोरे. मोठ्या जनुकांत कोरेपणा जाणवतो, छोट्यांत तो नुसता योगायोग असू शकतो.

५ मार्च

आज फक्त कडा. जनुकाच्या अगदी शेवटी ट्रान्सपोझॉन बसला तर प्रथिनाचं शेपूट तुटतं, बाकी काम चालू राहतं. म्हणून शेवटची १० टक्के लांबी मोजणीतून वगळायची, ही नेहमीची रीत. सुरुवातीलाही थोडं वगळतात, कारण सुरुवात कुठे हे पुष्कळदा संगणकानेच ठरवलेलं असतं आणि ते चुकतं. आमच्या यादीत अशी तीन जनुकं सापडली की ज्यांचा पहिला तुकडा टिंबांनी भरलेला आणि त्यानंतर एकदम शांतता. त्यांची खरी सुरुवात पुढे आहे, असा माझा कयास. उलटही एक आहे: पुढचा अर्धा कोरा, मागचा अर्धा गजबजलेला. दोन कामं करणारं प्रथिन, त्यातलं एकच काम जिवाचं. ही चित्रं बघण्यात दुपार कशी गेली कळलं नाही. यादीपेक्षा नकाशा जास्त बोलतो.

१४ मार्च

उजेडाचा प्रयोग मांडला. काचेच्या नळ्या, रबरी बुचं, आत हवेऐवजी आर्गॉन. कार्बनसाठी सक्सिनेट, नायट्रोजनसाठी अमोनियम आणि याला लागणारं पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल. हे जीवनसत्त्व घालायला विसरलात तर हा रुसतो.

किती पेशी टाकायच्या याचा हिशेब: लायब्ररीत हजारो वेगवेगळे म्यूटंट (एकेक जनुक मोडलेल्या पेशी) असताना चमचाभर पेशी टाकल्या तर काही म्यूटंट नुसते नशिबाने गळतील आणि ते मला अत्यावश्यक वाटतील. म्हणून प्रत्येक म्यूटंटच्या निदान काहीशे प्रती आत जातील इतकं टाकलं.

वाढ किती होऊ द्यायची? दहा दुपटी. जो म्यूटंट उजेडात अजिबात वाढत नाही, तो दहा दुपटींनंतर इतरांच्या तुलनेत १,०२४ पट विरळ होतो. पण जो अर्ध्या वेगाने वाढतो, त्याच्या पाचच दुपटी होतात, तो ३२ पट विरळ. वीस दुपटी होऊ दिल्या तर हा अर्ध्या वेगाचाही १,०२४ पट विरळ होईल आणि कागदावर तो आणि मेलेला सारखेच दिसतील. कोणतंही जनुक 'अत्यावश्यक' म्हणण्याआधी किती दुपटींनंतर, हे विचारायलाच हवं. प्रसिद्ध याद्यांमध्ये ही ओळ शोधायची सवय लावून घ्यायची.

२१ मार्च

नळ्या वाढेनात. चौथ्या दिवशी जो लालसर-तपकिरी रंग चढायला हवा तो सातव्या दिवशीही फिका.

दिवसभर माध्यम, आर्गॉन, बुचं, सगळ्यांवर आळ घेतला. संध्याकाळी ज्युनियर म्हणाला, "ताई, हे दिवे बदललेत का?" बदललेत! जुने तारेचे बल्ब काढून कुणीतरी पांढरे एलईडी लावले होते, वीज वाचावी म्हणून. आपल्या डोळ्यांना उजेड आधीपेक्षा जास्तच. पण याचं उजेड टिपणारं रंगद्रव्य, बॅक्टेरिओक्लोरोफिल, ८०० ते ८८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडात जेवतं. तारेचा बल्ब त्याच उजेडाचा कारखाना, पांढरा एलईडी तिथे जवळजवळ अंधार. बिचारा कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्यांनी टिपलेल्या हिरव्या-निळ्या उजेडावर कसाबसा दिवस काढत होता.

वाईट इतकंच नाही. या नळ्या मी तशाच पुढे नेल्या असत्या तर उजेड टिपणाऱ्या जनुकांचं महत्त्व फुगलेलं दिसलं असतं, आणि मी त्याचा अर्थही लावला असता. सगळ्या ओतून दिल्या. बल्ब परत आणले. दिव्यांच्या खोक्यावर पाटी: 'विचारल्याशिवाय हात लावू नये'.

८ एप्रिल

आता वाढ ठीक. आठ-दहा तासांना दुप्पट. सिक्वेन्सिंग आलं आणि तीनपैकी दोन नळ्या छान जुळल्या. तिसरी वेगळीच गाते आहे.

पफ-एल आणि पफ-एम ही प्रकाशक्रिया-केंद्राची जनुकं मी मुद्दाम पाहते. हवेत ती मोडली तरी काही बिघडत नाही, तिथे टिंबांची गर्दी. उजेडात हवेविना त्यांच्याशिवाय जगणं नाही, तिथे टिंबं हजारपट विरळ व्हायला हवीत. पहिल्या दोन नळ्यांत झाली. तिसरीत फक्त तीस-एक पट.

दोन दिवस मी बूच गळतंय म्हणून बसले होते. आज चहा पिताना हिशेब उलटा मांडला. ३२ पट म्हणजे पाच दुपटींचा फरक. म्हणजे या म्यूटंटना कुठूनतरी पाच दुपटी मिळाल्या. पण या पाच दुपटी प्रयोगाच्या सुरुवातीच्या असतील तर? दहा दुपटींच्या वाढीत पहिल्या पाच दुपटींनंतर पेशी असतात शेवटच्या संख्येच्या एक-बत्तिसांश. तेवढ्यांच्या श्वासाला ऑक्सिजन कितीसा लागणार? माध्यमात विरघळून उरलेलाही पुरेल. बूच गळत असतं तर वाढ शेवटपर्यंत चालू राहिली असती आणि फरक आणखी कमी दिसला असता. म्हणजे गळती नाही, तिसऱ्या नळीत आर्गॉन कमी वेळ फुंकला गेला. वहीत त्या दिवशीची वेळ बघितली: पहिल्या दोन नळ्यांसमोर मिनिटं लिहिली आहेत, तिसरीसमोर नुसती बरोबरची खूण. अक्षर माझंच.

यापुढे पफ-एल, पफ-एम हे आमचे ऑक्सिजनमापक. ते हजारपट उतरले नाहीत तर ती नळी बाद.

१५ एप्रिल

आजची नोंद लांबणार, कारण या प्रकल्पात पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटतंय.

उजेडातल्या कोऱ्या जनुकांत फॉस्फोराइब्युलोकायनेज आहे. कॅल्व्हिन चक्राचं एन्झाइम, कार्बन डायऑक्साइड बांधण्याच्या ऐन आधीची पायरी. आता गंमत बघा. या नळ्यांत सक्सिनेट भरपूर आहे. कार्बनची ददात नाही. मग कार्बन डायऑक्साइड बांधायचं चक्र इतकं जिवाचं का?

कारण कार्बन नाही, इलेक्ट्रॉन. सक्सिनेट मोडताना इलेक्ट्रॉन सुटतात. हवेत ते ऑक्सिजनच्या पदरात टाकता येतात. इथे ऑक्सिजन नाही, आणि ऊर्जा उजेडातून मिळतेय म्हणून इलेक्ट्रॉन जळत नाहीत, ते साचत जातात. त्यांना कुठेतरी रिकामं करायला हवं. कार्बन डायऑक्साइडवर ते ओतणं हीच त्यांची मोरी. ही मोरी तुंबली की घर तुंबलं. २०१४ मध्ये याच जीवाणूवर आणि ऱ्होडोस्पिरिलम रुब्रमवर हे नेटकं दाखवलं गेलं होतं. तेव्हा वाद असा होता की रुबिस्को नसलेले म्यूटंट मरतात ते इलेक्ट्रॉन तुंबून, की रुबिस्कोचा कच्चा माल साचून त्याच्या विषाने? फॉस्फोराइब्युलोकायनेज काढलं तर तो कच्चा माल बनतच नाही. तरीही म्यूटंट सक्सिनेटवर वाढले नाहीत. कच्चा माल साचला की वाढीला अडथळा येतो हेही खरं निघालं, पण इलेक्ट्रॉनांचा हिशेब त्याच्याशिवायही जुळला नाही.

मग रुबिस्को आमच्या यादीत कोरं असायला हवं ना? नाहीये. दोन्ही प्रकारच्या रुबिस्कोच्या जनुकांत टिंबं आहेत. ज्युनियर गोंधळला. मीही क्षणभर. पण ट्रान्सपोझॉन एका पेशीत एकच जनुक मोडतो. पहिलं रुबिस्को मोडलं तर दुसरं उभं, दुसरं मोडलं तर पहिलं. जादा नग ठेवणारं घर! काम जिवाचं आहे, पण ते दोघांत वाटलेलं असल्याने दोघंही यादीत 'नको असलं तरी चालेल' म्हणून उतरतात. उजेड गोळा करणाऱ्या एलएच२ च्या जनुकांचंही तेच, त्यांच्या तर कितीतरी प्रती.

म्हणजे आमची यादी दोन्हीकडून खोटं बोलू शकते. कधी संधी न मिळाल्याने कोरी राहिलेली जागा अत्यावश्यक ठरवते, कधी भावाने सांभाळून घेतलेलं काम ऐच्छिक ठरवते. बहुरूपी जीवाणूत दुसरं खोटं जास्त, कारण याचं सगळं भांडवलच जादा नगांचं.

१६ एप्रिल

रात्री झोपताना सुचलं. इलेक्ट्रॉनांची दुसरी मोरी: नायट्रोजिनेज. हे एन्झाइम नायट्रोजन बांधताना हायड्रोजन सोडतंच, त्यातून इलेक्ट्रॉन जातात. अमोनियम असलं की ते बंद राहतं. आमच्या नळ्यांत अमोनियम आहे. ते काढून आर्गॉनऐवजी नायट्रोजन भरला तर फॉस्फोराइब्युलोकायनेज मोडलेले म्यूटंट जगायला हवेत. तोच जीवाणू, तोच उजेड, तेच सक्सिनेट. बदललं फक्त नायट्रोजनचं ताट, आणि जनुक अत्यावश्यकांतून बाहेर.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "मग यादीला तिसरा रकाना." लगेच होणार नाही, आधी जुनी उधारी फेडायची आहे.

२ मे

अमिनो आम्लं बनवणारी जनुकं. अर्धपौष्टिक प्लेटवर यांच्याशिवाय चालतं, कारण यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये सगळं तयार मिळतं. सक्सिनेटच्या साध्या माध्यमात ती कोरी व्हायला हवीत. बरीच झाली, पण काही नुसती विरळ झाली, कोरी नाही. कारण एका नळीत हजारो तऱ्हेचे शेजारी आहेत. सुदृढ पेशीतून झिरपलेलं, मेलेल्या पेशीतून सांडलेलं, त्यावर एखादा उपाशी म्यूटंट चार दुपट्या काढून जातो. एकट्याला वाढवलं असतं तर मेला असता. उलट, इलेक्ट्रॉन तुंबलेल्या पेशीला शेजारी मदत करू शकला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. भाकरी उसनी मिळाली, मोरी मिळाली नाही.

१९ मे

रिकाम्या खोलीकडे परत.

हिमार१ बाबत २०१७ मध्ये क्षयाच्या जीवाणूवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येक टीए त्याला सारखाच आवडत नाही. दोन्ही बाजूंना जी आणि सी एका ठराविक मांडणीत असतील तर तिथे तो जवळजवळ बसतच नाही. तिथल्या सुमारे ९ टक्के जागा अशा निघाल्या. जी-सी भरपूर असलेल्या आपल्या जीनोममध्येही हीच भीती. रिकाम्या खोलीचे सहा टीए एकेक करून तपासले. तीन अशाच नावडत्या मांडणीत! उरले तीन. आमच्या लायब्ररीत ५५ टक्के जागा भरल्या, म्हणजे एक जागा कोरी राहण्याची शक्यता ४५ टक्के, तिन्ही कोऱ्या राहण्याची ९ टक्के. अकरातून एकदा. अशा छोट्या जनुकांची संख्या शेकड्यांत. तेव्हा अशा कित्येक खोल्या निव्वळ योगायोगाने रिकाम्या असणार.

टीएन५ ची दुसरी लायब्ररी करायला हवी होती ती जानेवारीतच. तेव्हा मोजता येणाऱ्या अडचणीचं मोठं कौतुक केलं होतं, अडचण मोजली मात्र आज.

१४ जून

टीएन५ लायब्ररी तयार. एक लाखाच्या आसपास वेगवेगळ्या जागा, म्हणजे सरासरी दर ५५ अक्षरांना एक. ९०० अक्षरांच्या जनुकात सोळा-सतरा अपेक्षित, शून्य येणं जवळजवळ अशक्य. १५० अक्षरांच्या जनुकात मात्र अपेक्षित पावणेतीन, आणि शून्य येण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या वर. म्हणजे हाही ट्रान्सपोझॉन छोट्यांबाबत साक्ष देण्यात कच्चाच. पण दोन कच्चे साक्षीदार, वेगवेगळ्या कारणांनी कच्चे, एकच गोष्ट सांगत असतील तर ऐकायला हरकत नाही.

रिकाम्या खोलीत टीएन५ ची चार टिंबं. मधोमध, कडेला नाहीत. गेली यादीतून. अडीच महिने मी तिच्या कामाचे मनोरे रचत होते, तिच्यावर एक स्लाइडसुद्धा केली होती. स्लाइड पुसली.

दुसरं एक बिननावाचं जनुक, अकराशे अक्षरांचं, दोन्ही लायब्ररींत, हवेत आणि उजेडातही कोरं राहिलंय. शेजारच्या जनुकांत टिंबं भरपूर. याला टोपणनाव द्यायचं नाही, असं ठरवलंय.

१० जुलै

नकाशातली शांतता बस्स झाली, जनुक हाताने कापून बघायचं. पद्धत नेहमीची: जनुकाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे एका प्लास्मिडवर जोडून आत घालायचे, त्यावर सॅक-बी. नंतर सुक्रोजवर पसरायचं. सॅक-बी असलेली पेशी सुक्रोजवर मरते, म्हणून प्लास्मिड बाहेर फेकलेलेच उरतात. फेकताना एक तर जनुक जसंच्या तसं राहतं किंवा कापलं जातं.

जगण्याला हरकत नसेल तर दोन्ही प्रकार सापडायला हवेत. ४८ कॉलनी तपासल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मूळ.

पुरेसं नाही. दोन बाजूंचे तुकडे कमी-जास्त लांबीचे असले तर एक प्रकार आपोआप जास्त येतो. काटछाटीत माझीच काही चूक असेल तर एकच प्रकार येतो.

२ ऑगस्ट

तोच प्रयोग, पण आधी त्या जनुकाची दुसरी प्रत वेगळ्या प्लास्मिडवर घालून. तेच तुकडे, तेच सुक्रोज, तोच पीसीआर. ४८ पैकी २१ कॉलनींत गुणसूत्रावरचं जनुक कापलेलं. दुसरी प्रत असली की कापता येतं, नसली की नाही.

ज्युनियरने जेलचा फोटो भिंतीला लावलाय. मी काही बोलले नाही.

५ ऑगस्ट

उजेडातलं तक्त्याचं पान आज लिहून काढलं. प्रत्येक जनुकासमोर रकाने: हवा, उजेड व अमोनियम, उजेड व नायट्रोजन. त्यापुढे किती दुपटी, दोन्ही ट्रान्सपोझॉनची टिंबं किती आणि किती अपेक्षित होती. संगणकवाला म्हणाला, एवढे रकाने कोण वाचणार, एक 'हो-नाही' दे. दिलं नाही.

तिसरा रकाना कोरा आहे. अमोनियम नसलेल्या नळ्या आज सकाळी दिव्याखाली ठेवल्या. नायट्रोजन फुंकल्याची मिनिटं तिन्हींसमोर लिहिली आहेत.